निर्मनुष्य बेटावरची बसायची जागा

मी आयुष्यात एकच बेट जवळून पाहिलं आहे आणि ते महिन्यातले बरेच दिवस पाण्याखाली असतं. तरी बर्म्युडाविषयी मला कोणी झोपेतून उठवून विचारलं तर मी घडाघडा सांगेन. अटलांटिक महासागरात आहे, उपोष्ण कटिबंधात मोडतं, एकही नदी नाही, पिण्याचं पाणी घरांच्या पांढऱ्या छपरांवरून गोळा करतात, काही किनाऱ्यांवरची वाळू गुलाबी आहे आणि पुरुषमाणसं अर्ध्या चड्डीवर कोट-टाय घालून कचेरीत जातात. तीस वर्षं भूगोल शिकवला, पण यातलं एक अक्षर कुणाला शिकवलं नव्हतं. परीक्षेला येत नव्हतं ना! निवृत्त झाल्यावर स्वतः शिकले, तेही आतेभावामुळे.

आतेभाऊ बोईसरच्या एका कारखान्यात वीस वर्षं पॅकिंगला होता. पाठीनं त्रास दिला म्हणून त्यानं नोकरी सोडली आणि घरी बसल्यावर पाठीऐवजी डोकं त्रास द्यायला लागलं. एका दुपारी तो बोईसरजवळ सरावलीला माझ्या घरी आला, चहाला नको म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. त्यानं फोन माझ्या नाकाशी धरला. पडद्यावर निळंशार पाणी आणि वर मथळा: बर्म्युडाचा इतिहास आणि रंजक माहिती.

"ताई, हे वाच. आन् असंच आपल्या खडपाचं लिहून दे."

"कुठल्या खडपाचं?"

"आपल्याकडं किती खडपं हायत?"

एकच आहे. खडप म्हणजे समुद्रातला खडक. आमचं गाव तारापूरच्या बाजूला, किनाऱ्याला लागून, मासेमारांचं. गावासमोर होडीनं दहा मिनिटांवर हा काळा खडक आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असतं. भरती मोठी, तशी ओहोटीही मोठी. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ पाणी पार खाली जातं आणि खडप तास-दीड तास डोकं वर काढतं. शाळेच्या दोन वर्गखोल्या मावतील एवढं. झाड नाही, गवत नाही, सावली तर नाहीच. कालवं मात्र मुबलक. शिंपलीतला तो मऊ जीव दगडाला असा चिकटून बसतो की टोकदार लोखंडानं फोडूनच काढावा लागतो. कालवांचं कालवण ज्यानं खाल्लंय त्याला कष्टांचं काही वाटत नाही, विशेषतः कष्ट दुसऱ्यानं केलेले असले तर.

हे खडप म्हणजे पर्यटनस्थळ, असं आतेभावानं ठरवलं होतं. नावही तयार होतं: 'बोईसरचं बर्म्युडा, उपोष्ण कटिबंधातील स्वर्ग.'

"उपोष्ण कसं?" मी म्हटलं. माझ्यातली बाई अजून निवृत्त झाली नव्हती. "कर्कवृत्त तिकडे गुजरातेतून जातं. आपण त्याच्या खाली. आपण सरळसरळ उष्ण कटिबंधात आहोत."

"उष्ण म्हटलं की माणूस घामाघूम होतो, ताई. उपोष्ण म्हटलं की जरा गार वाटतं. आपल्या गावात सरपंचापेक्षा उपसरपंच बरा हाय का नाय?"

उपसरपंच खरंच बरा होता, म्हणून मी वही काढली.

मी चार दिवस बसून लिहिलं. आधी कंटाळत, मग चढत्या उत्साहानं. कारण जे जे त्या बेटाला लागू होतं ते ते आमच्या खडपालाही लागू होत होतं. तिथे नदी नाही, इथेही नाही. तिथे जागा लहान म्हणून कितीतरी वर्षं खासगी मोटारींना बंदी होती आणि अजूनही एका घराला एकच मोटार ठेवता येते. आमच्या खडपावर आजतागायत एकही मोटार नाही, म्हणजे शिस्तीत आम्ही पुढे. जुने खलाशी त्या बेटाला सैतानांचं बेट म्हणायचे, कारण भोवतालच्या खडकांवर जहाजं फुटायची आणि अंधारात पक्ष्यांचे भयानक आवाज यायचे. आमच्या खडपावर एकदा माझ्या वडिलांची होडी घासली होती आणि भयानक आवाज वडिलांचेच आले होते. त्या बेटाच्या आसपास जहाजं गायब होतात अशी जगभर वदंता आहे. आमच्याकडे बेटच गायब होतं.

चड्डीची गोष्ट मी आत्याला सांगितली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण आणि या उद्योगी माणसाची आई. ती वलांडीवर, म्हणजे बोंबील वाळवायच्या बांबूच्या मांडवावर, जोडी जोडीनं बोंबील अडकवत होती.

"चड्डी घालून कचेरीत?" ती म्हणाली. "त्यात काय नवं? तुजा आजा कमरेला रुमाल गुंडाळून पालघरच्या कचेरीत जायचा. वर कोट पन होता त्याला, लग्नातला."

तेही मी लिहिलं. पण या भरात मी एक वाक्य असं लिहिलं की त्याबद्दल अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

फोनमधल्या पानावर होतं की, तिकडे वस्ती करणारी पहिली माणसं पोचली ती जहाज फुटल्यामुळे आणि तेव्हा बेटावर मनुष्यवस्ती नव्हती, फक्त रानडुकरं होती. आमच्या खडपावर डुकरं नव्हती, म्हणून मी अर्धीच गोष्ट घेतली आणि तिला मुलामा चढवला: 'हे बेट पूर्णतः निर्मनुष्य असून त्यावर आजवर मानवाचे पाऊल पडलेले नाही.' वाक्य कानाला इतकं गोड लागलं की मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. तीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं शिकवली, आपलं लिहिलेलं प्रथमच किनाऱ्यावर पाटीवर रंगवून लागणार होतं. मी हुरळून गेले होते, दुसरं काही नाही.

वास्तविक त्या खडपावर माझंच पाऊल मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून पडत होतं. आत्याची टोपली धरायला मीच जायचे. तिथे गावातल्या घराघरातल्या बाईची जागा ठरलेली आहे, या चिरेपासून त्या चिरेपर्यंत. कागद नाही, खूण नाही. सासू सुनेला होडीतून नेते, दगडावर ओंजळभर पाणी टाकते आणि म्हणते, 'बस.' सून बसली की जागा तिची. आत्याची जागा पश्चिमेच्या टोकाला. तिथला बसायचा दगड तिच्या सासूच्या सासूपासून बायका बसून बसून खोलगट, गुळगुळीत झालेला. आत्याचे गुडघे आता बोलतात. सून पालघरला नोकरी करते. कालवं आवडीनं खाते, पण खडपावर यायचं तिनं पहिल्याच वर्षी नाकारलं. गेली दोन वर्षं आत्याचं एकच पालुपद होतं, "जागा कोनाला द्यायची ते ठरलं की मी सुटले."

आणि मी लिहिलं, मानवाचे पाऊल पडलेले नाही.

बेटेगावच्या रंगाऱ्यानं पाटी रंगवली. किनाऱ्यावर, होड्या लागतात तिथेच ती उभी राहिली. माझ्या मजकुराखाली आतेभावानं स्वतःची एक ओळ घातली होती: 'बेटावर कालवे काढण्यास सक्त मनाई.' फुटक्या शिंपल्या पाहुण्यांच्या पायांत घुसतात, असं त्याचं म्हणणं. बायका भांडायला आल्या. त्यानं शांतपणे पाटीकडे बोट दाखवलं. "ताईनं लिहिलंय. तिथं कधी कोन गेलंच नाय, तर जागा कोनाची?"

मी तिथेच उभी होते. त्यातल्या निम्म्या बायका माझ्या विद्यार्थिनी. त्यांनी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं. ज्यांच्या हातांवर कालवांचे ताजे ओरखडे होते त्यांनाही क्षणभर वाटून गेलं असावं की बाई म्हणतात तर नसूच गेलो आपण. एकीनं मागे तळहात पालथा करून ओरखडा तपासला. मी पाटीवरचा रंग वाळलाय का ते बोटानं बघत राहिले. बायका पांगल्या.

आत्याला वाचता येत नाही. तिनं संध्याकाळी विचारलं, "पाटीवर तू काय लिवलंस गो?"

"समुद्राचं वर्णन आहे."

"चांगलं लिवलंस ना?"

"हो," मी म्हटलं आणि बोईसरची शेवटची शेअर रिक्षा सापडणार नाही म्हणून निघाले. रिक्षा आणखी दोन तास होत्या.

पहिली सहल रविवारी ठरली. कारखान्यातल्या लोकांना सुट्टी रविवारी, म्हणून बेटही रविवारी. वीस वर्षं पाळ्यांत काम करून आतेभावाला तीन पाळ्यांचं वेळापत्रक तोंडपाठ होतं. समुद्राचं मात्र तो विसरला होता. समुद्र वारावर चालत नाही, तिथीवर चालतो. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. आतेभावाच्या फोननंही तेच सांगितलं होतं: रविवार, ओहोटी बारा वाजता. यापेक्षा सोयीचं काय? नाश्ता करून निघावं, जेवायला परत यावं.

आम्ही अकराला निघालो. पाहुणे म्हणजे बोईसरच्या एका कारखान्याचे साहेब, त्यांची बायको, मेहुणी आणि मेहुणीचा नवरा. चौघांच्या डोक्यावर नव्या टोप्या. होडीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक मोठी छत्री, ढोकळ्याचा डबा आणि हातात कागद घेतलेली मी, मार्गदर्शक.

आत्या वलांडीपाशी होती. तिनं डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे पाहिलं. "आज चाललाव? आज तर भांग हाय."

भांग म्हणजे उधाणाच्या उलट. अष्टमीच्या सुमाराला समुद्र आळसावतो, भरती अर्धवट आणि ओहोटीही अर्धवट. पाणी हलतं, पण उतरत नाही.

"आये, फोनवर बाराला ओहोटी दावतोय," आतेभाऊ म्हणाला.

"फोनवर हाय म्हंजे असंल," आत्या म्हणाली आणि बोंबलांकडे वळली.  मी भूगोलाची बाई, मला उमगायला हवं होतं. पण मी मनातल्या मनात 'उपोष्ण कटिबंधातील स्वर्ग' घोकत होते.

दहा मिनिटांनी आतेभावानं मशीन बंद केलं. चहूकडे पाणी. साहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"आयलंड किधर है?"

आतेभावानं होडीच्या काठावरून खाली वाकून पाहिलं. मीही पाहिलं. हिरवट पाण्याखाली एक मोठी काळी सावली पसरलेली होती.

"यहीं है, साब," तो अत्यंत अदबीनं म्हणाला. "नीचे है."

 मग मेहुणीनं मला विचारलं, "मॅडम, आप बताइए ना कुछ." मला दुसरं काय येत होतं? मी कागद उघडला आणि उघड्या समुद्रावर उभी राहून वाचू लागले. या बेटावर एकही नदी नाही, मी म्हटलं. चौघांनी पाण्याकडे पाहून माना डोलावल्या. या बेटावर एकही मोटार नाही. "अच्छा है, पोल्यूशन नहीं," साहेबांची बायको म्हणाली. त्यांनी पाण्याचे फोटो काढले, पाण्याबरोबर स्वतःचे काढले, ढोकळा खाल्ला. माणसानं एकदा सुट्टी घालवायचं ठरवलं की ती घालवतोच, हे मला त्या दिवशी कळलं.

बारा वाजले. ओहोटी झाली. सावली जरा अधिक काळी दिसू लागली, इतकंच. मग मी ते वाक्य हिंदीत वाचलं, की या बेटावर आजपर्यंत माणसाचं पाऊल पडलेलं नाही. साहेब ताडकन उठले.

"तो फिर हम रखेंगे."

त्यांनी टोपी सारखी केली, बूट घातलेलेच ठेवले आणि होडीला धरून खाली उतरले. पाणी छातीपर्यंत आलं. ते बेटावर उभे होते. बायकोनं टाळ्या वाजवल्या. आतेभावानं खुर्ची पुढे केली, ती तरंगत निघून गेली. साहेब पायांनी चाचपत पश्चिमेकडे सरकू लागले आणि एकदम थबकले. मग हळूच गुडघे वाकवून खाली बसले. पाणी हनुवटीला लागलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं की मी कागद खाली केला.

"अरे!" ते म्हणाले. "यहाँ तो सीट बनी हुई है! एकदम फिट!"

कोणाच्या जागेवर ते बसले होते ते मला माहीत होतं आणि आतेभावालाही माहीत होतं. लहानपणी त्या दगडापाशी, आईच्या पाठीला बांधलेला, तो अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा रडायचा. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. साहेब पाण्यातून विचारत होते, "पाँव किसी का नहीं पड़ा, तो ये सीट किसने बनाई, मॅडम?"

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत इतका नेमका प्रश्न एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. मी म्हटलं, "मेरी बुआ ने. और उनकी सास ने." साहेबांना वाटलं मी विनोद केला. ते पाणी तोंडात जाईपर्यंत हसले.

परत आल्यावर मी तडक वलांडीपाशी गेले. आत्या म्हणाली, "दिसलं का बेट?"

"आत्या, पाटीवर समुद्राचं वर्णन नाही." आणि मी ते वाक्य तिला वाचून दाखवलं. प्रमाण मराठीत, जसंच्या तसं. तिला पहिल्यांदा कळलं नाही, म्हणून सोप्या शब्दांत सांगावं लागलं. तेच सगळ्यांत कठीण गेलं.

तिच्या हातातले दोन बोंबील तसेच राहिले. "कोनाचं पाऊल नाय," ती म्हणाली. "मग माजी सासू काय मासा होती?"

मी बोंबील अडकवायला हात पुढे केला, तिनं दिले नाहीत.

"दुसऱ्या कोनी लिवलं असतं तर मी हसले असते गो. तुला मी हाताला धरून नेलेली." तिनं बोंबील अडकवले आणि माझ्याकडे पाठ केली. मला रडू आलं, आणि साठीला टेकलेल्या बाईनं सुक्या मासळीत उभं राहून रडणं चांगलं दिसत नाही म्हणून मी आवरलं.

दुसऱ्या दिवशी मी बोईसरहून पांढऱ्या आणि काळ्या रंगाचा एकेक डबा आणि ब्रश घेतला. रंगाऱ्याला बोलावलं नाही. चूक माझी, हातही माझाच हवा. भर दुपारी पाटीपुढे उभी राहून मी ते वाक्य आणि त्याखालची मनाईची ओळ पुसली. आतेभाऊ धावत आला. ताई, हे काय, ताई, साहेब पुढच्या रविवारी बारा जणांना घेऊन येणार आहेत, सगळ्यांना त्या सीटवर बसायचंय, मी तर म्हणतो तिथं कुठल्यातरी राणीचं सिंहासन होतं असं लिही.

"राणी घरात आहे," मी म्हटलं. "बोंबील वाळवतेय. जा, विचार तिला."

तो गेला नाही, पण ब्रशही हिसकावला नाही. बायका जमल्या होत्या. त्यांच्यादेखत मी म्हटलं, "मी खोटं लिहिलं होतं." तीस वर्षांत वर्गात हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. मग नवी ओळ लिहिली, अक्षरं उजवीकडे घसरत गेली: 'या खडपावर गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बसत आल्या आहेत. बसण्याआधी विचारावे.'

आत्या लंगडत आली. "काय लिवलंस?" मी वाचून दाखवलं.

"इचारायचं कोनाला?"

"तुला."

"आन् मी नसंन तवा?"

ब्रशवरून रंग ठिबकत होता. 

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिच्याकडे मुक्कामाला होते. तिनं मला हलवून उठवलं. होडी आतेभावानंच ढकलली, तोंड फुगवून. उजाडता उजाडता खडप पाण्यातून वर आलं, आधी एक काळा कोपरा, मग सगळं. बायका आपापल्या जागी गेल्या, ठोकण्याचे आवाज सुरू झाले. आत्या माझा खांदा धरून एकेक पाऊल टाकत पश्चिमेच्या टोकाला आली. मला वाटलं, ती बसेल. ती बसली नाही. वाकली, ओंजळीत पाणी घेतलं आणि त्या खोलगट दगडावर टाकलं.

"बस," ती म्हणाली.

"आत्या, मी सून नाही."

"सून येत नाय. बस."

मी बसले. दगड बर्फासारखा गार होता आणि माझ्याआधी बसलेल्या सगळ्या बायका माझ्याहून बारीक होत्या हे ताबडतोब कळलं. आत्यानं ते टोकदार लोखंड माझ्या हातात दिलं. पहिलंच कालव मी फोडलं ते शिंपलीसकट चुरडलं. आत्या हसली, शेजारच्या चिरेवरची हसली, होडीत फुगून बसलेला आतेभाऊसुद्धा हसला.

मग आत्या माझ्या खांद्यावर भार देऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता हिला इचारायचं."